पंचनाम्याच्या आधीचा प्रश्न : यवतमाळ आणि मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण

(व्याख्यानाचं शब्दांकन. वक्त्याची बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



समोर बघतो तर निम्म्या खुर्च्यांवर आरोग्य खात्यातलीच माणसं दिसताहेत. आशाताई आहेत, सिस्टर आहेत, उपकेंद्रांवरचे समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, मेडिकल कॉलेजची मुलं-मुली आहेत. काही जण ड्युटी संपवून घरी न जाता थेट इथे आलेत, त्यांचे विशेष आभार. मला विषय दिला आहे 'आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण'. आता मी काही डॉक्टर नाही, प्रशिक्षकही नाही, इतिहासाचा विद्यार्थी आहे. म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलं की हे प्रशिक्षण आलं कुठून, आपल्या जिल्ह्यापर्यंत पोचायला त्याला इतकी वर्षं का लागली आणि आधीच्या प्रयत्नांतून आपण काय घ्यायचं, एवढंच बोलायचं.

दोन शब्दांपासून सुरुवात करतो. पहिला शब्द 'पंचनामा'. या जिल्ह्यात शाळेतल्या पोरालासुद्धा तो माहीत असतो. गारपीट झाली की पंचनामा, बोंडअळी आली की पंचनामा, आणि घरातला माणूस गेला की त्याचाही पंचनामा. दुसरा शब्द 'मानसिक प्रथमोपचार'. आज इथे यायच्या आधी हा शब्द किती जणांनी ऐकला होता? हात वर करा बरं. चार, पाच... सहा. ठीक आहे. या दोन शब्दांच्या मध्ये जे अंतर आहे ना, त्याबद्दलच मी आज बोलणार आहे.

आधी प्रथमोपचार म्हणजे काय ते पाहू. १८७७ साली इंग्लंडमध्ये सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही संस्था सुरू झाली. पोलीस, रेल्वे कामगार, खाणीतले मजूर अशा लोकांना त्यांनी शिकवायला घेतलं की डॉक्टर येईपर्यंत रक्त कसं थांबवायचं, मोडलेल्या हाताला आधार कसा द्यायचा. त्यामागचा विचार साधा होता. अपघाताच्या जागी डॉक्टर नसतो, शेजारचा माणूस असतो. तेव्हा त्या शेजारच्या माणसाला डॉक्टर करायचं नाही, पण डॉक्टरपर्यंतची मधली वेळ सांभाळायला शिकवायचं.

हाच विचार मनाच्या दुखण्याला लावायला मात्र सव्वाशे वर्षं लागली. २००० साली ऑस्ट्रेलियात बेटी किचनर आणि त्यांचे पती टोनी जॉर्म यांनी मानसिक प्रथमोपचाराचा पहिला अभ्यासक्रम बांधला. जॉर्म हे संशोधक, आणि किचनर बाईंनी स्वतः नैराश्य भोगलेलं. छातीत दुखलं तर काय करायचं हे लोकांना शिकवलं जातं, मग माणूस जगणं नको म्हणतोय तेव्हा काय करायचं हे का शिकवत नाहीत, असा त्यांचा प्रश्न होता. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपत्तीतल्या माणसांसाठी एक मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा तीन क्रियापदांत येतो : पाहा, ऐका, जोडून द्या. तिसऱ्या क्रियापदाकडे लक्ष ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

हे झालं बाहेरचं. आता आपल्याकडे येऊ.

यवतमाळ म्हणजे जुना वणी जिल्हा. १९०५ पर्यंत कागदोपत्री त्याचं नाव 'वुन' असंच होतं. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली, आणि इंग्रजांचा रस कापसात. शकुंतला रेल्वे इथे आली ती कापूस वाहून न्यायला. मनाच्या आजाराची सोय म्हणाल तर ती नागपूरला. १८५८ मध्ये वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला आणि नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ चं. आजही यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर आहे. त्या काळी बैलगाडीनं किती दिवस लागत असतील, विचार करा. म्हणजे व्यवस्था अशी होती की माणूस पार हाताबाहेर गेला, गावाला त्रास व्हायला लागला, तरच त्याला बांधून न्यायचं. जो मुकाट बसतो, जेवत नाही, झोपत नाही, त्याच्यासाठी त्या व्यवस्थेत जागाच नव्हती. 'त्याले बाहेरचं लागलं' म्हणून देवळात, दर्ग्यावर, भगताकडे न्यायचे. मी त्यांना नावं ठेवत नाही. दुसरं दार उघडंच नव्हतं.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ मध्ये, भोर समितीचा अहवाल आला. त्यातला हिशेब बघा. हजारी दोन रुग्ण धरले तरी देशात किमान आठ लाख खाटा लागतील आणि आहेत फक्त दहा हजारांच्या थोड्या वर. आठ लाखांच्या जागी दहा हजार! हा आकडा वाचून एक गोष्ट तेव्हाच स्पष्ट व्हायला हवी होती की इस्पितळं बांधून हे भागणार नाही.

ते स्पष्ट व्हायला आणखी तीस वर्षं गेली. १९७५ च्या सुमारास दोन ठिकाणी प्रयोग सुरू झाले. हरयाणात रायपूर राणी इथे चंदीगडच्या संस्थेनं आणि बंगळुरूजवळ सकळवाड्याला निम्हान्सनं. दोन्हीकडे कल्पना एकच, प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर आणि घरोघर फिरणारा आरोग्य कर्मचारी यांना थोडं शिकवायचं. कुणाला ओळखायचं, काय विचारायचं, कोणतं औषध द्यायचं, पुढे कुणाकडे पाठवायचं. या अनुभवावर १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. मग १९८० च्या दशकातच कर्नाटकातल्या बळ्ळारी या अख्ख्या जिल्ह्यात तो करून पाहिला आणि त्या नमुन्यावर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

बळ्ळारीचा धडा इथे बसलेल्या प्रत्येक अधिकाऱ्यानं लक्षात ठेवावा असा आहे. तिथे काम चाललं, कारण शिकवणारे लोक शिकवून निघून गेले नाहीत. ते परत येत राहिले, औषधं येत राहिली, कर्मचाऱ्याला अडलं तर विचारायला माणूस होता. कार्यक्रम देशभर पसरला तेव्हा बऱ्याच ठिकाणी त्यातलं प्रशिक्षण तेवढं उरलं. हजेरीपट, चहा-बिस्किट, ग्रुप फोटो, प्रमाणपत्र. तुम्ही हसताय, म्हणजे तुम्हाला माहीत आहे मी काय म्हणतोय ते.

आता ही राष्ट्रीय गोष्ट चालू असताना यवतमाळात काय चाललं होतं?

१९ मार्च १९८६. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे. ते, त्यांची पत्नी आणि चार मुलं यांचा वर्ध्याजवळ दत्तपूर इथे मृत्यू झाला. शेतकरी कुटुंबाची जाहीरपणे नोंदली गेलेली पहिली आत्महत्या म्हणून ही घटना सांगितली जाते. २०१७ पासून दर १९ मार्चला अनेक लोक अन्नत्याग करून त्या कुटुंबाची आठवण ठेवतात. त्या तपशिलात मी जाणार नाही. मला तारखांकडे लक्ष वेधायचं आहे. १९८६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम कागदावर येऊन चार वर्षं झाली होती. बळ्ळारीत काम सुरू होतं. आणि आपल्याकडे या घटनेनंतर आरोग्य यंत्रणेनं काही विचार केल्याची खूण मला सापडत नाही. ती पोलिसांची, महसुलाची आणि वर्तमानपत्राची बाब राहिली.

पुढची वीस वर्षं तुम्ही स्वतः पाहिलीत. एकाधिकार कापूस खरेदी योजना संपत गेली, बीटी बियाणं आलं, खर्च वाढला, कोरडवाहू शेती पावसाच्या भरवशावर तशीच राहिली. २००५ मध्ये अमरावतीला वसंतराव नाईक शेती स्वावलंबन मिशन आलं. जानेवारी २००६ मध्ये शासन निर्णय झाला आणि मृत शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरली, तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेव म्हणून. १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्यातला मोठा वाटा सिंचन, व्याजमाफी, बियाणं, जोडधंदे यांचा.

हे सगळं हवंच होतं. कर्ज हा आजार नाही, त्यावर गोळी नसते. हे मी मुद्दाम बोलतोय, कारण आज मानसिक आरोग्यावर बोलणाऱ्याला लगेच विचारतात, 'म्हणजे शेतकरी वेडा आहे असं म्हणायचंय का तुम्हाला?' नाही. अजिबात नाही. पण दुसरी बाजूही बघा. या व्यवस्थेतून दोन शब्द जन्माला आले, 'पात्र' आणि 'अपात्र'. माणूस गेल्यावर समिती बसते. सातबारा नावावर होता का, बँकेचं कर्ज होतं का, थकीत होतं का, हे तपासते. म्हणजे त्या माणसाबद्दल सरकारी यंत्रणेनं सर्वांत जास्त प्रश्न विचारले ते तो गेल्यानंतर. जिवंत असताना त्याला कोणी विचारलं होतं का, 'भाऊ, झोप लागते का? मनात काही वाईटसाईट येते का?'

मला वाटतं, आपल्या जिल्ह्याच्या या इतिहासातली सगळ्यात दुखरी जागा ही आहे. विचारण्याची यंत्रणा होती, पण ती पंचनाम्यानंतर चालू व्हायची.

मग बदल कुठून आला? शेजारून आला. अमरावती जिल्ह्यातल्या गावांमध्ये 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालला. संगत, प्रकृती आणि वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट या संस्था त्यात होत्या. संगतला गोव्यातला अनुभव होता. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या पण नीट शिकवलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांबरोबर काम केलं होतं, आणि २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. अमरावतीत गावातलेच कार्यकर्ते तयार केले. ते लोकांच्या छोट्या बैठका घ्यायचे, ताण आणि नैराश्य म्हणजे काय ते सांगायचे, त्रासात असलेल्या माणसाशी पहिलं बोलणं करायचे आणि गरज असेल त्याला समुपदेशकाकडे, पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून द्यायचे.

त्याचा परिणाम आकड्यांत मांडलेला आहे. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला नैराश्य असलेल्या १०० जणांमध्ये जेमतेम चार जण कुठल्याही उपचारापर्यंत पोचत होते. अठरा महिन्यांनी पाहणी केली तेव्हा हे प्रमाण २७ झालं होतं. तुलनेसाठी वेगळी गावं ठेवलेली नव्हती, तेव्हा सगळं श्रेय एकट्या प्रकल्पाला देता येणार नाही, आणि २७ झाले तरी ७३ बाहेरच राहिले, हेही खरं. पण आपल्याच मातीत, आपलीच भाषा बोलणाऱ्या, कापूस-सोयाबीनच्याच गावांत हे झालं. विदर्भाला हे नवंही नव्हतं. गडचिरोलीत 'सर्च'नं गावातल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि बाळं वाचली, ते १९९९ मध्येच जगानं वाचलं होतं.

२०१५ च्या सुमारास राज्य सरकारनं मराठवाड्यातले आठ आणि विदर्भातले सहा अशा १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला. यवतमाळ त्यात आहे. आशाताईंनी घरोघर जाऊन प्रश्नावली भरायची, त्रासात असलेली माणसं ओळखायची, त्यांना समुपदेशन आणि उपचारापर्यंत आणायचं. जोडीला १०४ क्रमांकाची दूरध्वनी सेवा. त्याच वर्षी यवतमाळ आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, या दोन जिल्ह्यांत 'बळीराजा चेतना अभियान' आलं. १९८६ पासून मोजा. आरोग्य खात्यातलं माणूस शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्याच्या मनाची चौकशी करणार, हे सरकारी कामात यायला जवळपास तीस वर्षं लागली.

आणि मग २०१७. या एका वर्षात तीन गोष्टी झाल्या. एक, अमरावतीचा तो अभ्यास आला. दोन, एप्रिलमध्ये मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला, जो २९ मे २०१८ पासून लागू आहे. आणि तीन, पावसाळा संपता संपता आपल्या जिल्ह्यात फवारणीची विषबाधा झाली. शेकडो शेतकरी-शेतमजूर दवाखान्यात आले, २० च्या आसपास माणसं गेली, आणि आपलं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय देशाच्या बातम्यांत आलं.

आता तुम्ही म्हणाल, फवारणीचा अपघात आणि मानसिक प्रथमोपचार यांचा काय संबंध? संबंध त्या वॉर्डाचा आहे. या जिल्ह्यात विषबाधेच्या वॉर्डात दोन प्रकारचे रुग्ण शेजारशेजारच्या खाटांवर असतात. एकाला अपघात झालेला असतो, दुसऱ्याला जगणं नको झालेलं असतं. शरीरावरचे उपचार दोघांनाही सारखेच, आणि त्यात इथले डॉक्टर, सिस्टर तरबेज आहेत. फरक पडतो तो शुद्धीवर आल्यानंतर. त्या दुसऱ्या माणसाशी कोण बोलतं? बऱ्याचदा पहिला बोलतो तो जबाब घ्यायला आलेला पोलीस. दुसरा नातेवाईक, 'हे काय करून बसला' म्हणून रागावतो. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुट्टीचा कागद. ज्यानं एकदा प्रयत्न केला आहे त्याला पुन्हा धोका जास्त असतो, आणि दवाखान्यातून घरी गेल्यावरचे आठवडे फार नाजूक असतात, हे वैद्यकशास्त्राला पक्कं ठाऊक आहे.

म्हणून त्या कायद्याची तीन कलमं मी तुम्हाला सांगतो. वकील म्हणून नाही, तर ती तुमच्याबद्दल आहेत म्हणून. कलम ११५ म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावात होता असंच धरून चालायचं, आणि त्याला सेवा, उपचार, पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. कलम ९४ प्रमाणे तातडीच्या वेळी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार देऊ शकतो, मानसोपचारतज्ज्ञाची वाट बघत हात बांधून बसायची गरज नाही. आणि कलम ३१ मध्ये स्पष्ट आहे की सरकारी आरोग्य संस्थांमधल्या सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत आणि तातडीच्या मानसिक उपचारांचं प्रशिक्षण द्यायचं. 'सर्व' हा शब्द ध्यानात घ्या. म्हणजे आज आपण जे मागतोय ते कुणाच्या मेहेरबानीनं मिळणारं नाही, कायद्यातच लिहिलेलं आहे.

हे का लागतं ते जिल्ह्याच्या हिशेबातून कळेल. २०११ च्या जनगणनेत यवतमाळची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार, तालुके १६. देशात एक लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञांचं प्रमाण साधारण ०.७५ धरलं जातं. त्या सरासरीनं आपल्याला वीस-एकवीस तज्ज्ञ मिळायला हवेत. पण सरासरी मुंबई-पुण्यात राहते हो, झरी-जामणीत राहत नाही! तेव्हा पुढची कितीतरी वर्षं पहिला माणूस म्हणजे तुम्हीच असणार.

आता या प्रशिक्षणात शिकवतात तरी काय? जवळ जायचं आणि धोका किती आहे ते बघायचं. मध्ये न तोडता, नावं न ठेवता ऐकायचं. धीर द्यायचा, पण खोटा नाही. योग्य मदतीपर्यंत पोचवायचं. आणि घरच्या, शेजारच्या आधाराला हाक मारायची. वाचायला हे सोपं वाटतं. करायला अवघड असतं, आणि आरोग्य कर्मचाऱ्याला तर जास्तच. कारण आपल्याला सल्ला द्यायची सवय असते. 'टेन्शन घेऊ नका', 'पोरांकडे बघा', 'तुमच्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढले'. ही तीन वाक्यं आपण चांगल्या मनानं बोलतो आणि समोरचा माणूस त्याच क्षणी मिटतो. या प्रशिक्षणाचा निम्मा भाग म्हणजे ही वाक्यं न बोलायला शिकणं.

आणि एक भीती असते : आत्महत्येबद्दल थेट विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेला विचार आपणच घालू. तसं होत नाही. यावर जगभर अभ्यास झालेत. विचारल्यानं धोका वाढत नाही, उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं की कोणीतरी विचारलं बुवा.

भाषेचंही सांगतो. प्रश्नावली प्रमाण मराठीत येते. 'आपणास निराश वाटते का?' असं वऱ्हाडातल्या म्हाताऱ्याला विचारलं तर तो म्हणेल, 'नाही बा, बरं हाय.' त्यालाच विचारा, 'काका, जीव कायमधी लागते का? रातच्यानं झोप येते का?' मग तो बोलेल. आणि तांड्यावर गोरमाटी, पोडावर कोलामी, कुठे गोंडी. त्या भाषेत मन दुखण्याला काय म्हणतात हे मुंबईत बसून कुणाला कळणार नाही. ते इथल्या आशाताईंनाच विचारून प्रशिक्षणात घालावं लागेल. एवढं झालं तर हे प्रशिक्षण इथलं होईल.

आता मघाशी म्हटलेलं तिसरं क्रियापद : जोडून द्या. आतापर्यंतचा सगळा इतिहास मी सांगितला तो यासाठी. १८६४ मध्ये जोडायला जागा होती, पण ती दीडशे किलोमीटरवर आणि कुलूप लावलेली. १९८२ नंतर कार्यक्रम आला, पण विचारणारं माणूस तयार नव्हतं. २०१५ नंतर विचारणारं माणूस तयार झालं. आता जर त्या ताईनं विचारलं, समोरच्यानं मन उघडलं, आणि पुढे दार बंद निघालं, तर तो माणूस पुन्हा कधीच बोलणार नाही. त्याच्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं ताईलाही वाटायला लागतं. म्हणून प्रशिक्षण घेताना तुम्ही आयोजकाला पहिला प्रश्न हा विचारा : मी ज्याला पाठवेन त्याला बघणारा माणूस कोण, कोणत्या वारी, कोणत्या खोलीत? आणि सहा महिन्यांनी माझं अडलेलं ऐकायला तुम्ही परत येणार का?

अजून एक गोष्ट राहते, ती ताईच्या स्वतःच्या मनाची. दिवसभर लोकांचं दुःख ऐकून ती घरी जाते. तिच्या घरीही तीच शेती, तेच कर्ज असतं. जानेवारी २०१९ मध्ये आपल्या यवतमाळला साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या बाईला महाराष्ट्रानं त्या दिवशी व्यासपीठावरून ऐकलं. असं ऐकणं दर दहा वर्षांनी एकदा होऊन चालत नाही. ऐकणाऱ्यांनाही ऐकणारं कोणी हवं. महिन्याच्या आढावा बैठकीत लसीकरणाच्या आकड्यांबरोबर अर्धा तास यासाठी ठेवायला पैसा लागत नाही.

तेव्हा समारोप करतो. पंचनाम्यात विचारलेला प्रश्न मेलेल्या माणसाला उपयोगी पडत नाही. तोच प्रश्न आधी, जिवंतपणी, आपल्या बोलीत विचारायचा आणि उत्तर आलं तर त्याचा हात सोडायचा नाही. प्रथमोपचार म्हणतात तो एवढाच आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

एक आशाताई : सर, समजा आपण इचारलं आन् तो 'हो' म्हणाला, तं मंग? डॉक्टर तं रोज राह्यत नाही आमच्याकडे.

उत्तर : ताई, फार खरा प्रश्न. पहिलं, त्याला एकटं सोडायचं नाही. तुम्हाला थांबता येत नसेल तर घरातलं किंवा शेजारचं विश्वासाचं माणूस बसवायचं, आणि हे त्याला सांगून करायचं. 'भाऊ, हे मी कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. 'गावभर नाही करणार, पण तुमचा जीव वाचवायला लागेल तेवढ्यांना सांगीन' असं म्हणा. दुसरं, घरात किंवा कोठ्यात धोक्याची जी वस्तू असेल ती घरच्यांना कुलपात नाहीतर दुसरीकडे ठेवायला सांगा. कठीण घटका बरेचदा थोड्या वेळाची असते, ती टळली की माणूस सावरतो. तिसरं, वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन, आणि धोका लगेचचा वाटला तर १०८. तज्ज्ञ जवळ नसेल तर १४४१६ हा टेली मानसचा क्रमांक, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालाय, फुकट आहे, रात्रंदिवस चालतो. नंबर लिहून देऊन निघून जाऊ नका, तिथेच बसून लावून द्या. आणि चौथं, दुसऱ्या दिवशी परत जा. आपण परत आलो हीच त्याच्यासाठी मोठी गोष्ट असते.

एक वैद्यकीय अधिकारी : ओपीडीत शंभर पेशंट असतात. प्रत्येकाशी असं बोलायला वेळ कुठून आणायचा?

उत्तर : डॉक्टर, प्रत्येकाशी नकोच. तीच अंगदुखी, डोकेदुखी, अशक्तपणा घेऊन जो महिन्यात चौथ्यांदा आलाय त्याला विचारा. बाळंतीण झाल्यावर जी गप्प झाली आहे तिला विचारा. ज्याची दारू अचानक वाढली, ज्याच्या घरी नुकतंच कोणी गेलं, जो विषबाधेतून उठला, त्यांना विचारा. दोन प्रश्न पुरतात : गेल्या दोन आठवड्यांत मन उदास राहतं का, आणि आवडीच्या कामात मन लागेनासं झालंय का. दोन्हींपैकी एकालाही 'हो' आलं तर मग पुढचं बोलणं, ते तुम्ही करा किंवा शिकलेल्या सिस्टरकडे सोपवा. सुरुवातीला दोन मिनिटं जातात. अंगदुखीच्या गोळ्या लिहून त्याला पाचव्यांदा परत पाठवण्यात त्यापेक्षा जास्त वेळ जातो, तुमचाही आणि त्याचाही.